सुईच्या टोकाची साक्ष : वैद्यकीय सुई आणि विद्युतमापन यांचा इतिहास

प्रास्ताविक

शरीरात शिरलेल्या सुईचे टोक वैद्याला दिसत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा स्वतंत्र विचार क्वचितच केला जातो. तथापि गेल्या दीड-पावणेदोनशे वर्षांच्या वैद्यकाचा एक महत्त्वाचा धागा या एका अडचणीभोवतीच गुंफला गेलेला आहे. १८५३ च्या सुमारास फ्रान्समध्ये शार्ल प्रावाझ आणि एडिंबरोत अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुई व पिचकारी यांचा वापर सुरू केला, तेव्हा सुईची मजल त्वचेखालच्या थरापुरतीच होती. १८८४ मध्ये व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनी कोकेनचा बधिरता आणणारा गुण डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी उपयोगात आणला आणि लगेच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी हे द्रव्य थेट मज्जातंतूंपाशी टोचून संपूर्ण अवयव बधिर करण्याचे प्रयोग केले. १८९१ मध्ये हाइनरिख क्विंके यांनी कण्याच्या मणक्यांमधून सुई नेऊन मेरुद्रव काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सुईची मजल अशी वाढत गेली आणि तिच्याबरोबर चुकीची किंमतही वाढत गेली.

या प्रवासात वैद्याच्या हाती तीनच मार्गदर्शक होते : शरीररचनेचे ज्ञान, बोटांना जाणवणारा ऊतींचा प्रतिकार आणि रुग्णाचे बोलणे. यांपैकी शरीररचना व्यक्तिपरत्वे बदलते, बोटांची जाण अनुभवाने येते आणि ती दुसऱ्याला देता येत नाही, तर रुग्णाचे बोलणे भीती, वेदना व गुंगी यांच्या अधीन असते. म्हणून सुईनेच आपल्या टोकाची खबर द्यावी अशी अपेक्षा निर्माण झाली आणि ती खबर देण्याचे काम विजेकडे आले. सुई धातूची, शरीर क्षारयुक्त पाण्याचे आणि मज्जातंतू व स्नायू स्वभावतःच विद्युतसंवेदी; त्यामुळे ही जोडी जुळणे स्वाभाविक होते.

प्रस्तुत लेखात या जोडीच्या इतिहासाचा आढावा घेतला आहे. या इतिहासात सुईला तीन भिन्न प्रश्न विचारले गेले. पहिला, ‘टोक लक्ष्याला लागले काय?’, दुसरा, ‘टोक लक्ष्याच्या जवळ आहे काय?’, आणि तिसरा, ‘टोक कोणत्या ऊतीत आहे?’ प्रत्येक मोजमाप यांपैकी एकाच मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते. ते उत्तर अधिक मोठ्या प्रश्नाचे, म्हणजे ‘सुई सुरक्षित आहे काय?’ या प्रश्नाचे, उत्तर म्हणून स्वीकारले गेले तेव्हा तेव्हा घोटाळे झाले, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

स्पर्शाचा प्रश्न : टेलिफोनला जोडलेली सुई

शरीरात दडलेली वस्तू सळईने शोधण्याचा एक प्रसिद्ध प्रसंग १८६२ मधील आहे. इटलीचा स्वातंत्र्यवीर गॅरिबाल्डी आस्प्रोमोंते येथे पायाला गोळी लागून जखमी झाला. गोळी आत आहे की नाही याविषयी शल्यचिकित्सकांत मतभेद होते. फ्रेंच शल्यचिकित्सक ओग्युस्त नेलातों यांच्या सळईच्या टोकाला झिलई नसलेल्या चिनी मातीचा गोळा बसविलेला होता. शिशाला घासला गेला की त्यावर खूण उमटे आणि तीवरून गोळीचे अस्तित्व सिद्ध झाले. येथे वीज नव्हती; पण ‘टोकानेच पुरावा आणावा’ ही कल्पना मात्र पूर्णपणे होती.

या कल्पनेला विजेची जोड मिळाली ती एका शोकांतिकेतून. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टन येथील रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. पाठीतून शिरलेली गोळी नेमकी कोठे आहे हे ठरविण्यासाठी डॉक्टरांनी निर्जंतुक न केलेली बोटे व सळया जखमेत वारंवार घातल्या. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युतप्रवर्तनावर चालणारा धातुशोधक तयार करून २६ जुलै व १ ऑगस्ट या दिवशी अध्यक्षांच्या शरीरावर त्याची चाचणी घेतली. तिला यश आले नाही. अंथरुणाखालच्या पोलादी स्प्रिंगांचा अडथळा हे त्याचे एक कारण सांगितले जाते. १९ सप्टेंबरला गारफील्ड यांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस आढळली. डॉक्टर मात्र अखेरपर्यंत ती उजवीकडे असल्याचे मानत होते.

बेल यांनी या अपयशानंतर विषय सोडला नाही. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात धातुशोधकाबरोबरच एका साध्या साधनाचाही विचार होता. बारीक सुई टेलिफोनच्या एका टोकाला जोडायची, दुसऱ्या टोकाची धातूची पट्टी रुग्णाच्या त्वचेवर ठेवायची आणि टेलिफोन कानाला लावून सुई आत सरकवायची. सुई धातूला भिडली की कानात आवाज उमटे. त्याच दशकात न्यूयॉर्कचे डॉ. जॉन गर्डनर यांनी या तत्त्वावरील ‘टेलिफोनिक प्रोब’ शल्यचिकित्सकांत प्रचारात आणला. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यावर गोळी शोधण्यासाठी या सुईची निकड कमी झाली.

बेल यांच्या सुईचे तर्कशास्त्र मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. तिचा होकार ठाम होता. नकार मात्र निरर्थक होता. आवाज आला तर टोक धातूला लागले हे निश्चित. आवाज न आल्यास गोळी केसभर अंतरावर आहे की वीतभर, याविषयी सुई काहीच सांगत नसे. होकाराचे मूल्य आणि मौनाचे मूल्य सारखे नसते, हा धडा या पहिल्याच साधनात होता. पुढील शतकभर तो अनेकदा विसरला गेला.

पाऊणशे वर्षांनी हाच स्पर्शाचा प्रश्न हृदयाच्या संदर्भात विचारला गेला. हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव साचला असता तो सुईने काढावा लागतो. सुई थोडी पुढे गेली तर ती हृदयाच्या स्नायूतच घुसते. १९५६ मध्ये बिशप, एस्टेस आणि मॅकिंटॉश यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक उपाय सुचविला. विद्युतहृदयालेखाची, म्हणजे ईसीजीची, छातीवर लावायची तार थेट सुईला जोडायची. टोक हृदयस्नायूला टेकताच त्या जागी इजेची विद्युतधारा निर्माण होते आणि आलेखातील एसटी हा भाग एकदम वर उचलला जातो. वैद्याने तत्काळ सुई मागे घ्यायची. ही युक्ती जगभर पाठ्यपुस्तकांत गेली. तरीही ही सूचना टोक टेकल्यानंतर मिळते, टेकण्यापूर्वी नाही. शिवाय हृदयाचा तो भाग आधीच निकामी झालेला असेल तर आलेख स्तब्ध राहू शकतो. हृदयावरणाच्या विकारांविषयीच्या २००४ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत सुईला जोडलेला ईसीजी हा पुरेसा संरक्षक उपाय नव्हे, असेच मत नोंदविले गेले.

सान्निध्याचा प्रश्न : पेर्टेस ते राज

मज्जातंतू बधिर करणाऱ्या भूलतज्ज्ञाची गरज निराळी होती. त्याला मज्जातंतूला स्पर्श करायचा नव्हता. त्याच्या निकट पोहोचून थांबायचे होते. १९११ मध्ये जर्मनीतील डीडरिख कुलेनकाम्फ यांनी हासळीच्या हाडाच्या वरून सुई घालून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे बधिर करण्याची पद्धत मांडली आणि तिचा पहिला प्रयोग स्वतःवरच केला. सुई योग्य जागी पोहोचल्याची खूण एकच होती : रुग्णाच्या बोटांपर्यंत जाणारी झिणझिणी. म्हणजे मज्जातंतूला सुईने डिवचल्याखेरीज जागा कळत नसे आणि ती कळण्यासाठी रुग्ण पूर्ण जागा, समजूतदार व सहनशील असावा लागे. लहान मूल, शुद्ध हरपलेला जखमी किंवा वैद्याची भाषा न जाणणारा रुग्ण यांच्या बाबतीत ही साक्षच उपलब्ध नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, ट्यूबिंगनचे शल्यचिकित्सक गेओर्ग पेर्टेस यांनी या साक्षीला पर्याय सुचविला. त्यामागचे शरीरशास्त्र शतकभरापूर्वीचे होते. १७९१ मध्ये गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायाचे आकुंचन प्रसिद्ध केले होते. १८५९ मध्ये एडुआर्ड फ्ल्यूगर यांनी विद्युतमंडल जोडताना मज्जातंतूचे उद्दीपन ऋणाग्रापाशी होते, हे दाखवून दिले होते. पेर्टेस यांनी टोक सोडून बाकीच्या सुईवर रोगणाचा विद्युतरोधक लेप दिला, ती इंडक्शन कॉइलला जोडली आणि सौम्य विजेच्या साहाय्याने मज्जातंतूचा शोध घेतला. टोक मज्जातंतूजवळ आले की त्या मज्जातंतूच्या अधिकारातील स्नायू आखडत. तेथेच औषध सोडायचे. झिणझिणीचे वर्णन ऐकण्याऐवजी वैद्याने स्नायूची हालचाल पाहायची होती. रुग्णाच्या कथनाची जागा रुग्णाच्या देहाने घेतली, असे या बदलाचे स्वरूप सांगता येईल.

पेर्टेस यांची कल्पना पुढे सुमारे अर्धशतक व्यवहारात रुजली नाही. इंडक्शन कॉइल अवजड होती, तिच्या धारेचे नेमके नियंत्रण करता येत नसे आणि लेप दिलेली सुई दरवेळी हाताने तयार करावी लागे. १९५५ मध्ये पियर्सन यांनी पुनर्वसन वैद्यकात लेपित सुई व विद्युत उद्दीपन यांचा पुन्हा पुरस्कार केला. मात्र खरे वळण आले ते ट्रान्झिस्टरमुळे. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या या घटकामुळे लहान, बॅटरीवर चालणारी उपकरणे शक्य झाली आणि १९६२ मध्ये ग्रीनब्लाट व डेन्सन यांनी हातात मावेल असे मज्जातंतूशोधक उपकरण सादर केले.

उपकरणाच्या या सुलभतेमागे आणखी एक सैद्धांतिक आधार होता. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ लुई लापीक यांनी १९०९ मध्ये रिओबेस आणि क्रोनॅक्सी या संज्ञा रूढ केल्या होत्या. रिओबेस म्हणजे दीर्घकाळ वाहणाऱ्या धारेची, उद्दीपनास पुरेशी ठरणारी किमान तीव्रता. क्रोनॅक्सी म्हणजे त्याच्या दुप्पट तीव्रतेच्या धारेला उद्दीपनासाठी लागणारा अवधी. स्नायूंना आज्ञा नेणाऱ्या जाड तंतूंची क्रोनॅक्सी सुमारे ०.०५ ते ०.१ मिलिसेकंद, तर वेदना वाहणाऱ्या अतिसूक्ष्म तंतूंची सुमारे ०.४ मिलिसेकंद असते. म्हणून ०.१ मिलिसेकंदाचा अल्प स्पंद दिला तर स्नायू हलतो, पण वेदना सहसा होत नाही. पुढील काळात रूढ झालेली पद्धत अशी : सुई ऋणाग्राला जोडायची, सेकंदाला एक-दोन स्पंद द्यायचे, सुमारे १ ते १.५ मिलिअँपिअरने आरंभ करायचा आणि सुई सरकवीत धारा कमी करत जायची. सुमारे ०.३ ते ०.५ मिलिअँपिअरला स्नायू हलत राहिला तर टोक पुरेसे जवळ आले असे मानायचे. त्याहून बरीच कमी, ०.२ मिलिअँपिअरच्या खालची धाराही पुरत असेल, तर टोक मज्जातंतूच्या आत असण्याची शंका घ्यायची. अंतर आणि आवश्यक धारा यांचा संबंध कूलोंबच्या व्यस्त वर्गाच्या नियमाशी जोडून सांगण्याची प्रथा पडली.

या पद्धतीच्या प्रसारात भारतात जन्मलेले भूलतज्ज्ञ पी. पृथ्वी राज यांचा वाटा मोठा आहे. १९७३ मध्ये माँटगोमेरी, राज व सहकाऱ्यांनी लेप नसलेल्या साध्या सुयांनीही मज्जातंतू शोधता येतात, असे प्रतिपादन केले. खास सुया न मिळणाऱ्या रुग्णालयांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे होते. १९८४ मध्ये फोर्ड, पिथर व राज यांनी लेपित व साध्या सुयांची तुलना करून ही भूमिका सुधारली. साध्या सुईच्या संपूर्ण दांड्यातून धारा बाहेर पडते. त्यामुळे सर्वांत जोरदार प्रतिसाद मिळतो तेव्हा टोक मज्जातंतूच्या पुढे गेलेले असू शकते. सोयीस्कर ठरलेल्या आपल्याच निष्कर्षाची पुन्हा परीक्षा घेण्याची ही वृत्ती उल्लेखनीय होय. अमेरिकेतील प्रादेशिक भूलशास्त्राची संघटना १९७५ मध्ये पुन्हा उभी करणाऱ्या पाच संस्थापकांमध्येही राज यांचा समावेश होता.

याच काळात सुईचा उलट दिशेनेही उपयोग झाला. वीज देण्याऐवजी स्नायूंतील वीज ऐकायची. १९२९ मध्ये एड्रियन व ब्रॉंक यांनी एकात एक बसविलेल्या सुई-विद्युताग्राने स्नायूंतील स्पंद नोंदविले होते. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावरील बोट्युलिनम विषाच्या उपचारासाठी हीच वाट धरली. टोकाखेरीज लेप दिलेल्या सुईतून स्नायूची वीज ध्वनिवर्धकावर ऐकायची आणि रुग्णाने त्या दिशेला डोळा वळवताच आवाज वाढला, तर योग्य स्नायू मिळाला असे समजून औषध सोडायचे. त्यांचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले व १९८९ मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

अर्थाचा प्रश्न : उत्तर बरोबर, कारण चूक

विद्युत उद्दीपनाला प्रतिष्ठा मिळाल्यावर त्याचा अर्थ लावण्यातील उणिवा पुढे येऊ लागल्या. त्यांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण ‘राज चाचणी’चे आहे. सुई मज्जातंतूजवळ पोहोचून स्नायू हलू लागल्यावर एक-दोन मिलिलिटर औषध किंवा सलाईन सोडले की हालचाल तत्क्षणी थांबते. द्रवाने मज्जातंतू टोकापासून दूर ढकलला म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण दीर्घकाळ सर्वमान्य होते आणि ही चाचणी सुई बरोबर जागी असल्याचा पुरावा मानली जात होती. २००४ मध्ये कॅनडातील बॅन त्सुई, वॅग्नर व फिनुकेन यांनी डुकरांवरील प्रयोगांत सलाईनऐवजी पाच टक्के डेक्स्ट्रोजचे द्रावण सोडून पाहिले. द्रव तेवढाच, तरी हालचाल थांबली नाही. मज्जातंतू ढकलला जाणे हे खरे कारण असते तर दोन्ही द्रावणांचा परिणाम सारखाच झाला असता. सलाईन वीजवाहक असल्याने टोकाभोवतीचा वाहक प्रदेश विस्तारतो, धारेची घनता घटते व उद्दीपन पुरेनासे होते. डेक्स्ट्रोजमध्ये आयन जवळजवळ नसल्याने तसे घडत नाही. तीन दशके वापरातील चाचणी उपयुक्त होती, पण तिचे कारण यांत्रिक नसून विद्युतीय होते. सुईचे टोक कोणत्या माध्यमात आहे याचा मोजमापावर किती प्रभाव पडतो, हेही यातून स्पष्ट झाले.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. २००२ मध्ये अर्मी व स्टँटन यांनी खांद्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या ३० रुग्णांची पाहणी केली. सर्वांना झिणझिणी जाणवली, म्हणजे सुई मज्जातंतूपाशी पोहोचली होती. परंतु १ मिलिअँपिअरपर्यंत धारा देऊनही केवळ ३० टक्के रुग्णांत स्नायूची हालचाल दिसली. २००६ मध्ये टोरोंटो येथील पर्लास व सहकाऱ्यांनी १०३ रुग्णांत सुई मज्जातंतूला टेकल्याचे अल्ट्रासाउंडवर प्रत्यक्ष पाहून दोन्ही साक्षी तपासल्या. झिणझिणीची संवेदनक्षमता ३८.२ टक्के, तर ०.५ मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी धारेला मिळणाऱ्या हालचालीची ७४.५ टक्के आढळली. म्हणजे रुग्णाचे बोलणे आणि देहाची हालचाल या दोन्ही साक्षी अपुऱ्या होत्या. सुई मज्जातंतूला टेकलेली असताना सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत उपकरण मौन राहत होते. बेल यांच्या टेलिफोनचे मौन येथे पुन्हा भेटते.

या मौनाची किंमत काय असू शकते, हे २००० मध्ये जोनाथन बेन्युमॉफ यांनी प्रसिद्ध केलेल्या चार रुग्णांच्या वृत्तांतातून कळते. संपूर्ण भुलीखाली मानेच्या बाजूने मज्जातंतू बधिर करताना या रुग्णांच्या मज्जारज्जूला कायमची इजा झाली. भुलीत असलेला रुग्ण वेदना सांगू शकत नव्हता. विद्युत साधनाने रुग्णाच्या साक्षीला पर्याय दिला म्हणून ती साक्ष अनावश्यक ठरत नाही, हा या प्रकरणाचा अर्थ होय. एका साक्षीदाराची उणीव दुसऱ्याने भरून काढायची असते. पहिल्याला न्यायालयाबाहेर काढायचे नसते.

माध्यमाचा प्रश्न : ऊतींचा विद्युतरोध

तिसऱ्या प्रश्नाचा इतिहास वरील घटनांना समांतर चालला होता. प्रत्येक ऊतीचा विजेला होणारा विरोध निराळा असतो. मेरुद्रवाची वाहकता शरीराच्या तापमानाला मीटरला सुमारे १.८ सीमेन्स, रक्ताची सुमारे ०.७, स्नायूची सुमारे ०.३ ते ०.४, तर चरबीची त्याच्या दशांशाच्या आसपास असते. म्हणजे मेरुद्रव व चरबी यांच्या वाहकतेत चाळीस-पन्नास पटींचे अंतर पडते. हा फरक सुईच्या टोकाशी मोजला तर टोक कोणत्या ऊतीत आहे हे ओळखता यावे.

हा विचार प्रथम मेंदूच्या शस्त्रक्रियेत आला. १९२१ मध्ये जर्मनीत मायर यांनी कवटी उघडल्यावर मेंदूतील गाठ शोधण्यासाठी विद्युतरोध मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९२३ मध्ये फिलाडेल्फियाचे फ्रान्सिस ग्रँट यांनी ती पुढे नेली. मेंदूच्या पृष्ठभागाखालची गाठ डोळ्यांना दिसत नाही. बारीक सुई-विद्युताग्र आत नेताना रोध बदलला तर गाठ गाठल्याचा संकेत मिळे. १९२५ मध्ये ह्यूगो फ्रिके यांनी रक्तपेशींच्या निलंबनावरील विद्युतमापनातून पेशीपटलाची धारिता चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८१ मायक्रोफॅरड काढली आणि त्यावरून पटलाची जाडी सुमारे ३.३ नॅनोमीटर असावी, असे अनुमान केले. यामुळे एक मूलभूत गोष्ट कळली. पेशीपटल हे सूक्ष्म धारित्राप्रमाणे वागत असल्यामुळे कमी वारंवारतेची धारा पेशींना वळसा घालून वाहते, तर अधिक वारंवारतेची धारा पेशींच्या आरपार जाते. म्हणून ऊतीचा केवळ रोध नव्हे, तर वारंवारतेनुसार बदलणारा एकूण विरोध, म्हणजे इम्पीडन्स, हीच तिची खरी ओळख ठरते.

या तत्त्वाचा सर्वाधिक व्यवहारी उपयोग दंतवैद्यकात झाला. दाताच्या मुळातील पोकळी साफ करताना सुईसारखी बारीक कानस मुळाच्या टोकापर्यंत न्यायची असते; अलीकडे थांबल्यास संसर्ग उरतो, पलीकडे गेल्यास हाडाकडील ऊतींना इजा होते. जपानमधील सुझुकी यांच्या १९४२ च्या कुत्र्यांवरील प्रयोगांच्या आधारे सुनादा यांनी १९६२ मध्ये असे दाखविले की, कानस मुळाच्या टोकाशी पोहोचली असता ती व गालाच्या आतील त्वचा यांमधील रोध, रुग्णाचे वय किंवा दात कोणताही असो, सुमारे ६.५ किलोओहम असतो. यातून मुळाची लांबी मोजणारी उपकरणे निर्माण झाली. पण पोकळीत रक्त किंवा सलाईन असले की हे मोजमाप फसत असे. कोबायाशी व सुदा यांनी १९९० च्या दशकात दोन वारंवारतांना मिळणाऱ्या इम्पीडन्सच्या गुणोत्तराचा आधार घेऊन ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. एकच निरपेक्ष आकडा फसवतो. दोन मोजमापांची तुलना अधिक विश्वसनीय ठरते, हा त्याचा इत्यर्थ होय.

२००८ मध्ये त्सुई व सहकाऱ्यांनी हाच विचार मज्जातंतूंकडे नेला. डुकरांच्या मज्जातंतूंवरील प्रयोगांत सुईचे टोक मज्जातंतूबाहेर असतानाच्या तुलनेत आत शिरल्यावर इम्पीडन्स ठळकपणे वाढलेला आढळला. ‘मज्जातंतू जवळ आहे काय?’ या जुन्या प्रश्नाऐवजी ‘टोक मज्जातंतूच्या आत तर नाही ना?’ हा अधिक महत्त्वाचा प्रश्न प्रथमच थेट मोजता येऊ लागला. २०१३ मध्ये बार्दू व सहकाऱ्यांनी रुग्णांमध्ये अल्ट्रासाउंडच्या देखरेखीखाली हीच पडताळणी केली. फिनलंडमधील टांपेरे येथील संशोधकांनी मेरुद्रव काढण्याच्या सुईत इम्पीडन्स मोजण्याची सोय केली आणि २०२१ मध्ये तिच्या बालरुग्णांवरील वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टोक मेरुद्रवात पोहोचताच उपकरण सूचना देते. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांच्या बाबतीत या अचूकतेला विशेष महत्त्व आहे. कारण सुई पुढे-मागे करताना रक्त मेरुद्रवात मिसळले तर कर्कपेशीही तेथे नेल्या जाण्याचा धोका संभवतो.

प्रतिमेचे आगमन आणि भारतीय संदर्भ

१९९४ मध्ये व्हिएन्ना येथील काप्राल व सहकाऱ्यांनी अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहत मज्जातंतू बधिर करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढील दोन दशकांत ती वेगाने पसरली. टोक दिसू लागल्यावर विद्युतमापन कालबाह्य ठरेल, असे वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. खोलवरचे मज्जातंतू, स्थूल रुग्ण आणि प्रतिमेच्या पातळीबाहेर सरकलेले टोक या परिस्थितींत प्रतिमाही फसते. त्यामुळे दोन्ही साधने एकत्र वापरण्याचा प्रघात पडला.

भारतात या प्रश्नाला एक सामाजिक बाजू आहे. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या तरतुदींनुसार अल्ट्रासाउंड यंत्राची नोंदणी आवश्यक असते आणि भूलतज्ज्ञाने मज्जातंतू पाहण्यासाठी घेतलेले यंत्रही त्यातून सुटत नाही. मुलींच्या घटत्या प्रमाणाच्या पार्श्वभूमीवर या निर्बंधांचे प्रयोजन निर्विवाद आहे. तथापि यंत्राची किंमत आणि कायदेशीर पूर्तता यांमुळे लहान गावातील रुग्णालयात मज्जातंतू-उद्दीपक हे बॅटरीवर चालणारे साधे उपकरण अधिक सुलभ ठरते. त्यामुळे त्याच्या मर्यादांचे ज्ञान हा येथे केवळ इतिहासाचा विषय राहत नाही.

समारोप

बेल यांच्या टेलिफोनपासून इम्पीडन्स मोजणाऱ्या सुईपर्यंतचा हा प्रवास उपकरणांच्या सरळ प्रगतीचा इतिहास म्हणून सांगता येतो. परंतु तो प्रश्नांच्या सुधारणेचा इतिहास म्हणून वाचणे अधिक फलदायी आहे. स्पर्शाचा प्रश्न विचारणारी सुई उशिरा बोलते. सान्निध्याचा प्रश्न विचारणारी सुई बोलली तर विश्वास ठेवावा अशी असते, पण ती गप्प राहिली तर काहीच सिद्ध होत नाही. माध्यमाचा प्रश्न विचारणारी सुई ऊतीची ओळख सांगते; मात्र त्यासाठी आधीच्या व नंतरच्या मोजमापांची तुलना लागते. यांपैकी कोणतेही मोजमाप ‘सुई सुरक्षित आहे’ असे म्हणत नाही. ते म्हणतो तो वैद्य, आणि तेही अनेक साक्षी एकत्र तपासून. पेर्टेस यांनी रुग्णाच्या तोंडच्या साक्षीवरील भार हलका केला, ही वैद्यकाची मोठी कमाई होती. ती साक्ष पूर्णपणे पुसण्याचा मोह जेथे झाला, तेथे त्याची किंमत रुग्णाने मोजली. मोजमापाची उपयुक्तता त्याच्या अचूकतेइतकीच ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, याच्या जाणिवेवर अवलंबून असते. वैद्यकाच्या या लहानशा प्रकरणातून निघणारा हा निष्कर्ष, मापनावर विसंबणाऱ्या इतर ज्ञानशाखांनाही लागू पडणारा आहे.